येणार नाही म्हणून सांग

निघायच्या आदल्या रात्री बाबांनी खाटेवरून हाक मारली. मी पिशवीत गोळ्या, टॉवेल, सुके कपडे, ते ओले होऊ नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशव्या, असं काय काय कोंबत होते. वाटलं, पाणी हवं असेल. गेले तर म्हणाले, "बुवाचा निरोप तेवढा सांग हां." आणि कुशीवर वळले.

हा निरोप आमच्या घरात माझ्या जन्माच्या आधीपासून पडून आहे.

गोव्यातल्या हरमलच्या समुद्राला कड्याच्या अंगाने जी पायवाट जाते, पुढे गोड्या पाण्याच्या तळ्याकडे उतरते, तिथे कुठेतरी पोर्तुगीज अमदानीत एक बुवा राहायचा. नक्की कुठे यावर गावात एकमत नाही. कोण म्हणतं कपारीत, कोण म्हणतं तळ्याच्या वरच्या रानात वडाखाली. त्या वाटेवर आता सीझनला दोन्ही बाजूंनी रंगीत पायजमे टांगलेले असतात आणि पावसात निळ्या ताडपत्र्या. बुवाला नाव नव्हतं, किंवा असेल तर कुणी विचारलं नाही. रापण ओढणाऱ्यांना तो खडकावरून हात करायचा आणि हात करील तिथे बांगडा सापडायचा म्हणे. वादळाच्या रात्री त्याचा कंदील विझत नसे. पाखल्यांनी, म्हणजे पोर्तुगीजांनी, त्याला धरून नेलं तर सकाळी परत आपल्या जागी बसलेला. असल्या गोष्टी ऐकतच मी मोठी झाले. केरीच्या आजोबा देवाला माणसं गाऱ्हाणं घालतात, तसं बुवाला मात्र कुणी घातलं नाही. त्याच्याकडे मागायला कुणी जात नव्हतं. पेज घेऊन जायचं एवढंच, आणि ती न्यायचं काम पोरांचं. त्या पोरांतले आता आमचे बाबा तेवढे उरलेत. वय 83.

1951 चा आषाढ. बाबा दहा वर्षांचे. मामाबरोबर चालत साखळीला, विठ्ठलापूरच्या विठोबाला जायचं ठरलं. त्या आनंदात पेज द्यायला गेले आणि बुवाला विचारून बसले, तुम्ही येता? बुवा जाळ्याचा तुकडा घेऊन काहीतरी विणत होता. मान वर न करता म्हणाला, "सांग त्याला, येणार नाही."

बाबा गेले. मामाच्या खांद्यावर बसून आत पोचले. समोर पाहिलं तर देव कमरेवर हात ठेवून उभा. आमची आजी मार द्यायच्या आधी अगदी तशीच उभी राहायची. बाबांची बोबडी वळली. निरोप राहिला.

त्यानंतर बाबा साखळीला पन्नासदा तरी गेले असतील. लग्नाला, चैत्रातल्या जत्रेला, त्रिपुरीला वाळवंटी नदीत सोडलेल्या नावा बघायला. पण बसने गेलेल्या माणसाच्या हातून तो निरोप पोचायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. हा नियम कुणी केला, विचारायचं नाही. एकदा विचारलं होतं तर दोन दिवस बोलले नाहीत.

तर मी चालले ती या कामासाठी. शाळेत सांगितलं देवाला जाते, लेकीला सांगितलं वजन कमी होईल. दोन्ही खोटं नव्हतं.

आमची दिंडी काही फार जुनी नाही. गोव्यातून थेट पंढरपूरला चालत जाणाऱ्या दिंड्या आहेत, त्यांच्यापुढे आमची ही म्हणजे परसातली फेरी. अष्टमीला सकाळी निघायचं, दशमीला रात्री विठ्ठलापूर. पन्नासेक किलोमीटर. साठ-पासष्ट माणसं, एक वीणा, सहा-सात जोड टाळ, दोन पखवाज, त्यातल्या एकाला पावसाची हवा लागली की तो मडक्यासारखा वाजतो. आणि यंदा टेम्पो. टेम्पोवर भोंगा. आम्ही हरिपाठ म्हणतोय आणि टेम्पोवाला पेन ड्राइव्हवरचे अभंग लावतोय, तेही दुसऱ्याच तालात. विणेकरी काकांनी दोनदा हात जोडून बंद करायला लावला, तिसऱ्यांदा हात न जोडता. शिवाय टी-शर्ट. पाठीवर विठोबा, पोटावर पुढारी. मी घेतला आणि पिशवीत तळाशी टाकला. परवा शिवायच्या मशीनला तेल देताना पुसायला उपयोगी पडला.

पालयेपर्यंत पाऊस नव्हता. तिथे चहाला थांबलो तेव्हा मास्तरांनी संत सोहिरोबानाथ आंबिये काढले. मास्तर म्हणजे आमच्या दिंडीतले रिटायर्ड पोस्टमास्तर. त्यांना प्रत्येक गावाला एक माहिती आठवते आणि ती सांगून झाल्याशिवाय त्यांचा चहा थंड होत नाही. आंबियांचं मूळ घर पालयेचं, सोहिरोबांचा जन्म 1714 चा, बांद्याचा. कुळकर्णपणाचं काम अंगावर. सावंतवाडीच्या दरबारातून बोलावणं आलं म्हणून निघाले, वाटेत इन्सुलीच्या रानात झऱ्याकाठी फणस फोडून बसले, तर समोर जोगी उभा. गरे मागितले, यांनी दिले. तो गहिनीनाथ. पुढे घरदार सोडून उत्तरेला निघून गेले. हे सगळं आम्हा सर्वांना पाठ आहे, मी चौथीच्या पोरांना दरवर्षी सांगते. पण मास्तरांना पुढे जायचं होतं. "तुमचा तो हरमलचा बुवा," मला म्हणाले, "तोही नाथपंथीच असणार. परंपरा बघा ना."

"त्याच्या कानांत काय होतं?" वयनीने विचारलं. वयनी म्हणजे माझ्या भावाची बायको. तिला वाद घालायला आवडत नाही, फक्त सुरू करून द्यायला आवडतं.

मग कोरगावपर्यंत बुवाच. एकजण म्हणाला, नाथपंथी कसला, स्मगलर होता. तेरेखोलच्या नदीपलीकडे भारत, अलीकडे गोवा, त्या काळात सोनं आणि घड्याळं रात्रीची जात होती, कंदील कशासाठी लावायचा तो? मास्तर चिडले. त्यांची दुसरी माहिती बाहेर आली. 15 ऑगस्ट 1954 ला सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा चढवला, तेव्हा या किनाऱ्यावरून त्यांना निरोप कोण पुरवत होतं? बुवा! ही गोष्ट मी घरी आधीही ऐकवली होती तेव्हा बाबा म्हणाले होते, "त्याला वार कुठला ते माहीत नसायचं. तारीख कुठून असणार?"

मला त्या चर्चेचा राग येत होता आणि त्यातून बाहेरही पडवत नव्हतं. प्रत्येकाचा वेगळा बुवा. खरा पाहिलेला माणूस घरी खाटेवर, आणि त्याला विचारायला कुणी येत नाही. इतक्यात पाऊस आला, धबाधब, आणि विणेकरी काकांनी वीणा प्लास्टिकमध्ये गुंडाळून गजर धरला, आणि पुढची दोन किलोमीटर मी काय गात होते, कोणाच्या हातात हात होता, काही आठवत नाही. शेतात लावणी चालली होती. चिखलातल्या बायांनी कंबर सरळ करून आमच्याकडे पाहिलं आणि हात जोडले. मला लाज वाटली. काम त्या करत होत्या.

पेडणे. भगवतीचे दगडी हत्ती पावसात चकचकीत. वरण-भात, झोप. छप्पर गळत होतं ते नेमकं माझ्या उशीवर.

आता पायाचं.

लेकीने ऑनलाइन सँडल मागवून दिले होते, खास वारीसाठी म्हणून. पट्ट्याला आतून जाळीचं अस्तर. पहिल्या दिवशी पावसात ते भिजलं, वाळलंच नाही, आणि दुसऱ्या दिवशी मालप्याच्या चढावर लाल चिऱ्याची बारीक कच आत शिरली. थांबून झटकायला हवी होती. पण थांबलं की मागची टाळवाली मावशी पाठीवर येते, आणि तिचा टाळ नेहमी अर्धी मात्रा उशिरा पडतो, तो मला कानाजवळ नको होता. म्हणून चालत राहिले. विर्नोड्याला सोहिरोबांच्या नावाचं कॉलेज लागलं, तिथे पोरांनी फाटकात येऊन व्हिडिओ काढले. मास्तरांना पुन्हा माहिती आठवली. मी ऐकलं नाही. टाच बोलायला लागली होती.

धारगळच्या पुढे हायवे म्हणजे हायवेच. सावली नाही, झाडं कधीच कापलेली, रुंद काँक्रीट, बाजूने ट्रक पाणी उडवत जाणारे. डोक्यावरून मोपा विमानतळाची विमानं इतकी खालून जातात की पोटाखालची चाकं दिसतात. प्रत्येक विमानाला टेम्पोवरचा पोरगा हात करत होता. पाऊस थांबून ऊन पडलं होतं, ते आषाढातलं ओलं ऊन, भांड्यावर झाकण ठेवल्यासारखं. मी पावलं मोजायला लागले. मग टाच टेकायची सोडून चवड्यावर चालायला लागले, तर दुसऱ्या पायाची पोटरी धरली. "रामकृष्ण हरी" म्हणताना "राम"वर दुखरा पाय येत होता, मी पाऊल बदलून "हरी"वर घेतला. मग "हरी"चाही राग यायला लागला. मनात काय काय आलं ते इथे लिहीत नाही. त्यातलं बरंचसं लेकीच्या सँडलबद्दल होतं, थोडं बाबांबद्दल, आणि एक वाक्य थेट विठोबाबद्दल.

कोलवाळचा पूल आला. नदी गढूळ, फुगलेली, काठाचे माड अर्धे पाण्यात वाकलेले. पुलापलीकडे डाव्या हाताला थिवीचा रस्ता. तिथवर मी दिंडीच्या शेवटी पोचले होते, मग शेवटच्याही मागे. वयनी थांबायला तयार होती. तिला मीच पुढे घालवलं, उगाच ओरडून. टेम्पोत बसायचं नव्हतं. बसलं तर निरोप बसने गेल्यासारखाच.

दिंडी वळणाआड गेली. टाळ ऐकू येत होते, मग तेही नाही. मी रस्त्याकडेच्या एका घराच्या पायरीवर टेकले. जुनं कौलारू घर, पुढे बसायचा बाल्कांव, अंगणात पांढरा खुरीस, म्हणजे क्रूस, त्यावर कालच्या पावसात कुजलेल्या झेंडूंची माळ. सँडल काढला. टाचेवर लिंबाएवढा फोड, आणि त्याच्या कडेला दुसरा फुटलेला, त्यात ती लाल कच.

"अगो बाय, हांगा कित्याक बसल्या? वयर यो."

आतून म्हातारी आली. फुलाफुलांचा झगा, खांद्यावर टॉवेल, पंचाहत्तरीच्या पुढची. मी म्हटलं, आंटी, दोन मिनिटं बसते आणि जाते. तिने ते ऐकलंच नाही. पाय पाहिला, "सायबा!" म्हणाली आणि आत गेली. आतून बादली ओढत आणायचा आवाज. मला आधी वाटलं, पायरी धुवायला आणतेय.

गरम पाणी, त्यात मूठभर जाडं मीठ. पाय आत घातल्यावर जे झालं त्याला शब्द नाही, तोंडातून जो निघाला तो देवाच्या नावाचा नव्हता. आंटी हसली. मग शेजारी पाटावर बसली, माझा पाय टॉवेलवर आपल्या मांडीत घेतला. मी मागे ओढायला बघत होते. माझ्याहून पंचवीसएक वर्षांनी मोठी बाई, आणि पाय मांडीवर! तिने घोट्याला असं धरलं की हलताच येईना. चष्मा नाकावर, सुई मेणबत्तीवर धरलेली, टोक लाल होईपर्यंत. सुईत पांढरा दोरा. तो फोडाच्या एका अंगाने आत घातला, दुसऱ्या अंगाने काढला, आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. दोऱ्यावरून पाणी थेंब थेंब खाली यायला लागलं. दुखलं नाही. फुटलेल्या फोडातली कच मात्र तिने कापसाने एकेक कण करून काढली. त्याला अर्धा तास लागला असेल. अधूनमधून ती फुंकर घालायची, लहान पोराला घालतात तशी. मी मान वर करून कौलं बघत राहिले. माझ्या टाचेवर कुणी फुंकर घातल्याला किती वर्षं झाली याचा हिशोब करायचा नव्हता, पण तो होत होता.

खंय चल्ल्यात, तिने विचारलं. विठ्ठलापुराक, मी म्हटलं. खंयच्यान? हरमलसून.

सुई थांबली. "आरांबोल? म्हजें कुळार थंय!"

मग काय विचारता. माहेर हरमलचं निघालं. चर्च, बाजार, कुणाचं घर पडलं, कुणी हॉटेल काढलं, कुणाची पोरं लंडनला गेली. समुद्राजवळ तिच्या घरचं भाट होतं, माडांचं. ते विकलं, तिथे आता खोल्या आहेत. मी बोलायच्या ओघात म्हणून गेले की आमचे बाबा लहानपणी कड्यावरच्या बुवाला पेज न्यायचे.

आंटी ताठ झाली. "तो? तो चोर!"

"चोर?"

"म्हज्या पायचे नारल चोरतालो."

मी माझ्या पायाकडे पाहिलं. दुखण्याने डोकं ठिकाणावर नव्हतं. ख्रिस्ती घरात बापाला पाय म्हणतात हे काय मला माहीत नाही? पण क्षणभर खरंच वाटलं की बुवाचा आणि माझ्या टाचेचा काहीतरी संबंध आहे. मग उलगडा झाला. तिचा बाप, तिचा पाय, संध्याकाळी भाटात फिरून खालून माडावरचे नारळ मोजायचा. नारळ काढणारा पाडेली येईपर्यंत झाडागणिक हिशोब तोंडपाठ. एका महिन्यात सात कमी भरले. सात! वाऱ्याने पडले म्हणावं तर खाली नाहीत. आणि सोललेली सोडणं सापडली ती बुवाच्या जागेपाशी. पाय तणतणत गेला. बुवा बसलेला. पायने विचारलं, नारळ तू घेतलेस? बुवा म्हणाला, खाल्ले. बस्स. ना माफी, ना काही. पाय परत आला आणि मरेपर्यंत ती गोष्ट सांगत राहिला. जेवायला बसला की सांगायचा. पाहुणे आले की सांगायचा. आंटीला ती ऐकून ऐकून स्वतः पाहिल्यासारखी झाली होती.

"मग त्याने पोलिसांत नाही दिलं?"

"ना." तिने हळद तेलात कालवली, टाचेला लावली. "मागीर पाय स्वताच दोन दवरतालो. म्हयन्याक दोन. फातरार. म्हणटालो, चोरपाक वयर चडून पडत आनी म्हाकाच पाप लागत."

महिन्याला दोन. दगडावर. आपणच ठेवायचे, आणि आयुष्यभर चोरीची तक्रार करायची. मी हसले तर आंटीला राग आला. तिच्या मते चोरी ती चोरी.

पेज दिली, उकड्या तांदळाची, आणि चेपणीतली तोरं, मिठात मुरवलेल्या कैऱ्या. आमच्या दिंडीत वाटेत कुणाकडे काय खायचं, काय नाही, याचे नियम आहेत, त्यांतले काही विणेकरी काकांचे आणि बरेच टाळवाल्या मावशीचे. मी दोन वाट्या प्यायले. सँडल आंटीने उचलून पाहिले, नाक मुरडलं, आणि नवऱ्याच्या रबरी सपाता आणून दिल्या. दोन नंबर मोठ्या. नवरा जाऊन आठ वर्षं झाली म्हणाली, सपाता तशाच आहेत. निघताना मी वाकले तर तिने मधेच दंड धरून उभं केलं. "सायबाक सांग म्हजें," म्हणाली. काय सांगू विचारलं तर म्हणाली, त्याला कळतं.

म्हणजे आता निरोप दोन झाले.

पुढचं सगळं एकमेकांत मिसळलंय. थिवीला रात्री वयनीने माझ्याशी बोलायचं सोडलं होतं आणि सकाळी तिनेच माझी पिशवी उचलली. अस्नोडा. मुळगावात केळबाय देवी, पलीकडे शिरगावला तिची बहीण लईराई, बायकांनी दोघींना एकदमच हात जोडले. खाणीच्या मातीचे ढीग आता झाडं येऊन डोंगरांसारखे दिसतात, नवख्याला सांगितल्याशिवाय कळायचं नाही. रस्त्याकडेला एक पोरगा पानात अळमी, म्हणजे अळंबी, घेऊन बसला होता आणि आमच्यातल्या निम्म्या जणी दशमीच्या दिवशी भाव विचारत होत्या. डिचोली, पाऊस. रबरी सपाता फटक फटक वाजत होत्या, तो आवाज टाळापेक्षा बरोबर तालात होता. टाळवाल्या मावशीने मला थांबवून विचारलं, पाय कसा गं? आणि आपल्या बॉटलीतलं पाणी दिलं. माणसांवर नीट रागावताही येत नाही.

साखळीच्या पुलावर पोचलो तेव्हा अंधार होता. वाळवंटी लाल, भरून वाहत होती. पुढून गजर आला, मागून आला, आणि बरोबरचं एक म्हातारं माणूस रस्त्यातच लोटांगण घालायला लागलं. त्याला उचलता उचलता माझ्याच डोळ्यांना धार लागली. कशाला, सांगता येत नाही. मी काही तशी रडणारी नाही.

एकादशीला पहाटे तीनला रांगेत उभी राहिले. साडेसात वाजले आत जायला. मधे कुणी मोठी माणसं गाड्यांतून आली, त्यांच्यासाठी रांग पाऊण तास अडली. लोकांनी शिव्या दिल्या आणि मग त्यांच्याबरोबर फोटोही काढले. माझ्या मागच्या बाईच्या छत्रीची काडी माझ्या बरगडीत. मी मनात वाक्य तयार करत होते. मराठीत सांगायचं की कोकणीत? बुवा कोकणीत बोलला असणार. बाबा निरोप नेहमी मराठीत सांगतात, कारण देवाशी बोलायचं ते मराठीत. "हरमलच्या बुवांनी सांगितलंय की..." हे फारच पत्रासारखं वाटत होतं. शाळेत पालकांना चिठ्ठी लिहितो तसं.

आणि मग एकदम समोर. तुळशीचा वास, तुपाचा, ओल्या कपड्यांचा. कमरेवर हात. मला आजी आठवली, जिला मी फोटोतच पाहिलंय. स्वयंसेवक "चला, चला" म्हणत होता. सगळी वाक्यं गेली.

"तो येणार नाही म्हणालाय," मी म्हटलं. मोठ्याने.

पुजाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मागची बाई म्हणाली, "कोण? घोव?" स्वयंसेवकाने दंडाला धरून बाजूला केलं. हातात तुळशीचं पान. आंटीचं सांगायचं राहिलं, ते मी खांबाशी उभी राहून पुटपुटले. काय ते तुला कळतंच म्हणे.

घरी बसने आले. बाबा जागे होते, खाटेवर बसलेले, दाढी करून. तुळशीचं पान दिलं. त्यांनी ते कानाला लावलं, मग तोंडात टाकलं.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"स्वयंसेवक म्हणाला, चला पुढे."

त्यांनी मान हलवली, जसं काही हेच उत्तर अपेक्षित होतं. मी पाय खाटेवर घेऊन दोरा दाखवला, अजून आत होता, पिवळा पडलेला. आणि आंटीची गोष्ट सांगितली. पाय, भाट, मोजलेले नारळ, चोर. वाटलं, बुवाला चोर म्हटलं म्हणून चिडतील.

बाबा गप्प. बराच वेळ. मग चादरीचं टोक बोटाला गुंडाळायला लागले.

"तो चढायचा नाही माडावर," म्हणाले. "गुडघे कुठे होते त्याला. तो म्हणायचा, मला पडलेलाच नारळ चालतो, झाडाचा तोडलेला नको."

"मग?"

"मग पडलेला मिळाला पाहिजे ना रोज."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. शाळेत पोराच्या दप्तरात दुसऱ्याची पेन्सिल सापडते तेव्हा पोरगं जसं बघतं, तसे बाबा भिंतीकडे बघत होते.

"किती म्हणाली ती?" त्यांनी विचारलं.

"सात."

"अकरा होते," बाबा म्हणाले. "चार त्यांच्याच विहिरीत पडले."